पाच मिनिटांत निघेल

बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरच्या खांबांमध्ये गाडी थांबली तेव्हा अकरा बावन्न झाले होते. पडद्यावरचा हिरवा ठिपका पिवळा झाला आणि मी चहाचा कप बाजूला सारून माइकचं बटण दाबलं. एवढं करायला मला आता विचार करावा लागत नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे आपली गाडी थोडा वेळ थांबली आहे. पाच मिनिटांत निघेल. दरवाजे उघडण्याचा प्रयत्न करू नये. धन्यवाद." धन्यवादला आवाज जरा खाली न्यायचा आणि बटण लगेच सोडायचं नाही, एक श्वास जाऊ द्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस अजून आहे, कुठे गेला नाही. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. मी सुट्टीवर असलो की माझीच रेकॉर्ड लावतात. पार्किंगपासून पार्कच्या दरवाजापर्यंत ही गाडी उंच खांबांवरच्या एका रुळावरून जाते, चार डबे, अकरा मिनिटं, मध्ये तळं. आत माणसांना उलटं टांगणारे पाळणे आहेत, पाण्यात आपटणाऱ्या होड्या आहेत, पण तिथे पोचायच्या आधी ही गाडी लागते, आणि ती महिन्यातून चारदा तरी बंद पडते. ती बंद पडली की पार्कमधला पहिला माणूस म्हणून लोकांना भेटतो तो मी. मेकॅनिक मंडळी माझ्या पाठीमागे मला 'पाच मिनिटं' म्हणतात. पाच मिनिटं आले का, पाच मिनिटं जेवायला गेलेत, असं चालतं. मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, ऐकून बरंही वाटतं.

हे पाच मिनिटांचं मला कुणी शिकवलं नाही, ते माझं आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही खरी वेळ सांगायचो. अंदाजे अर्धा तास, असं मी एकदा म्हणालो आणि दोन पुरुषांनी खांदे लावून दार उघडलं आणि ते रुळावर उतरले. एकजण खाली पडला, पाय मोडून घेतला. त्यानंतर मी विचार केला की माणसाला काय झेपतं. अर्धा तास झेपत नाही. पाच मिनिटं कुणालाही झेपतात, अगदी रडणारं मूल कडेवर असलेल्या बाईलाही. आणि ती संपली की पुन्हा पाच. सगळ्यात लांब बिघाड झाला होता एक तास पस्तीस मिनिटांचा, तेव्हा मी एकोणीस वेळा पाच मिनिटं म्हणालो होतो. दर वेळी शब्द थोडे फिरवले, एकदा 'काम अंतिम टप्प्यात आहे' म्हणालो, एकदा नुसतंच हसल्यासारखं केलं, आणि लोक उतरले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्या माणसाला थांबवून विचारलं, बोलत होते ते कोण हो, फार आधार वाटला. वेळ मारून नेणं ह्याला लोक वाईट म्हणतात. मी एकवीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

अकरा अठ्ठावन्नला दुसरी सूचना दिली आणि सवयीनं कॅमेरे बघत होतो. सूचना होत असताना लोक काय करतात हे मला पाठ आहे. कुणी घड्याळ बघतं, कुणी शेजारच्याकडे बघून तोंड वाकडं करतं, कुणी बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतं. आवाज येतो त्या जाळीकडे कुणी बघत नाही. बघण्यासारखं तिथे काही नाहीच. दोन नंबरच्या डब्यात एक बाई बघत होती. मान वर करून, जाळीकडे, माणसाकडे बघावं तशी. माझं वाक्य संपेपर्यंत बघत राहिली, धन्यवादनंतरचा तो एक श्वास जाईपर्यंत, आणि मी बटण सोडलं तेव्हाच मान खाली घातली. मग तिनं उजव्या हातात डाव्या हाताचं कोपर धरलं. हा कॅमेरा जुना, चित्र धुरकट, चेहरे म्हणजे नुसते डाग. पण कोपर मला ओळखू आलं. असं कोपर धरून माझी बायको गॅसपाशी उभी राहायची, दूध वर येईपर्यंत. आणि तिच्यानंतर असं उभं राहणारी ह्या जगात एकच आहे. माझी मुलगी अडीच वर्षं माझ्याशी बोललेली नाही. ती माझ्या गाडीत, बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये, जमिनीपासून नऊ मीटर वर उभी होती, आणि तिच्या बाजूला सीटवर गुडघे टेकून खिडकीला नाक लावून एक चार वर्षांची मुलगी होती. तिला मी शेवटचं बघितलं तेव्हा तिला धड चालता येत नव्हतं.

घाईबाई म्हणायचो आम्ही लेकीला. तीन आठवडे आधीच जन्मली, रिक्षातून उतरायलाही वेळ दिला नाही, असं तिची आई सगळ्यांना सांगायची. रांगलीच नाही, उठून पळाली. उभ्यानं जेवायची, केस ओले असतानाच वेणी घालायची, जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या कधी तिच्या पायाला लागल्या नाहीत. रविवारी ती माझ्याबरोबर ह्याच खोलीत यायची. ह्याच टेबलाखाली बसून चित्रं काढायची, आणि गाडी थांबली की कान टवकारायची. मी 'पाच मिनिटांत' म्हणालो की मनगटावरचं लाल पट्ट्याचं घड्याळ डोळ्यांपाशी धरून बसायची. "बाबा, सात झाली." थोड्या वेळानं, "बाबा, अकरा झाली." मी हसायचो. "सगळ्यांना खोटं सांगता तुम्ही," ती म्हणायची. मी म्हणायचो, "खोटं नाही गं, धीर असतो तो." "धीर म्हणजे किती मिनिटं?" ह्यावर आम्ही घरी किती दिवस हसलो. तिची आई भांडी घासता घासता मध्येच थांबून म्हणायची, धीर म्हणजे किती मिनिटं, आणि पुन्हा हसायची. आता हे आठवलं. मी चहा घेतला, तो गार झाला होता.

खिशात फोन होता. सकाळी नऊ चाळीसला एक अनोळखी नंबर वाजला होता. शिफ्ट बदलत होती, वहीत सही करायची होती. म्हटलं, असेल कुणी कर्जवाला, करू पाच मिनिटांनी. केला नाही. आता तो नंबर काढून बघत बसलो, जणू आकड्यांवरून आवाज कळणार होता. पार्क काय एकच आहे जगात? मुलीला पाळण्यात बसवायचं तर तिच्या गावाजवळ दोन आहेत. आठ तासांचा प्रवास करून, बाप जिथे बसतो त्याच पार्कात, बापाच्याच गाडीतून कुणी सहज येत नाही. आणि आधी फोन केला असेल तर... हा विचार मी पुरा केला नाही. मला अर्धवट सोडायची सवय आहे.

वायरलेसवर मेकॅनिक बोलला. "काका, दोन नंबरच्या डब्याखालचा ब्रेक चिकटलाय. पार जाम. आज काही ही बया हलत नाही." माझ्यामागे सुपरवायझर बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला चोख, मला काका म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. "रुळाच्या बाजूच्या पायवाटेवरून उतरवायला माणसं निघालीत," त्या म्हणाल्या, "पण तळ्याला वळसा घालून यायचंय, दोर-बिर घेऊन. पाऊण तास तरी लागेल. तोवर तुम्ही आहातच." तुम्ही आहातच, म्हणजे तुमची पाच मिनिटं आहेतच. नऊ वेळा म्हटलं की झालं. मी मान डोलावली. माइककडे हात नेला आणि तो तिथेच राहिला, बटणाच्या वर, दोन बोटांवर.

हॉस्पिटलातली बायकोची ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाट दाराकडे तोंड करून होती, भिंतीवर घड्याळ, त्याचा काटा पुढे जाताना जरा मागे येऊन मग जायचा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, अगदी साध्या शब्दांत, की बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. हे सोमवारी. मी होय म्हणालो. संध्याकाळी घाईबाईचा फोन आला. "बाबा, खरं सांगा, मी निघू का?" मागे तिची पोर रडत होती, दीड वर्षाची, तापानं फणफणलेली. आणि माझ्या तोंडून आवाज आला, तो हा आवाज, इथला, जाड आणि कोमट. "अगं, घाई कशाला? सुधारणा आहे. चार दिवसांत घरी येतेय आई. पोरीला बरं वाटू दे, मग ये सावकाश." ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हणालो, नक्की. का म्हणालो, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नच झिजलाय. आजारी पोर घेऊन रात्रभर बसमधून ती येईल, असं वाटलं, हे एक. दुसरं, 'ये' म्हटलं की बायको मरणार हे खरं होणार होतं, आणि ते मला झेपत नव्हतं. पण खरं सांगायचं तर ह्यातलं काहीच त्या क्षणी मनात नव्हतं. लोक अडकले होते आणि मी सूचना दिली.

मग खोलीत आलो तर बायको म्हणाली, "निघाली का ती?" मी म्हणालो, "निघाली." मंगळवारी म्हणालो, पोचेलच. बुधवारी म्हणालो, बस वाटेत बिघडली होती, आता सुरू झालीय, येईलच पाच मिनिटांत. तीन दिवस ती दाराकडे बघत बसून होती. बसून, असं मी म्हणतोय ते खरोखरच. आडवी व्हायला तयार नव्हती. पाठीला दोन उशा, केस विंचरलेले, "आल्या आल्या तिला मी अशी पडलेली नको दिसायला." नर्स म्हणायची, झोपा हो जरा. ही म्हणायची, "झोपते, आता येईल एवढ्यात." बाहेर बूट वाजले की मान उचलायची. मी खुर्चीत बसून हे बघत होतो आणि दर थोड्या वेळानं शब्द फिरवत होतो.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घाईबाई तिचे कपडे न्यायला हॉस्पिटलात गेली, आणि त्या नर्सनं तिला सांगितलं, तीन दिवस वाट बघत होत्या हो तुमची, मुलगी निघालीय म्हणत होते साहेब. ती घरी आली ती चपलांसकट आत आली. ओरडली नाही. "मला सांगितलंत ती बरी आहे. तिला सांगितलंत मी निघालेय," ती म्हणाली. "आम्हा दोघींना फलाटावर बसवून ठेवलंत तुम्ही. तिला काय वाटलं असेल, बाबा? तिला वाटलं असेल, मी मुद्दाम उशीर करतेय. आई मरतेय आणि हिला सवड नाही."  पोर कडेवर घेऊन ती गेली, आणि तिच्या वाटणीचं ते एक वाक्य माझ्याजवळच राहिलं. कारण बायकोला तसं वाटलं नव्हतं. हे मला एकट्यालाच माहीत आहे. बुधवारी दुपारी जेवणाची ताटं परत नेत होते, तेव्हा ती माझ्याकडे न बघता, दाराकडेच बघत म्हणाली, "अहो, तुमची पाच मिनिटं मला ठाऊक नाहीत का? इतकी वर्षं ऐकतेय. ती निघालेली नाही. तुम्ही तिला कळवलंच नाहीत."  "तिला बोल लावू नका," ती म्हणाली, "तिला माहीत असतं तर ती पळत आली असती. फोन करा आता तरी." मी म्हणालो, "करतो." "आत्ता." "हो, आत्ता." मी फोन घेऊन बाहेर आलो. तिथे खिडकी होती, खाली एकजण रबरी पाइपानं गाडी धूत होता. मी ती गाडी पूर्ण धुऊन होईपर्यंत बघितली. फोन हातात घामानं ओला झाला. मग आत गेलो आणि म्हणालो, "केला. निघाली." तिनं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे. ह्या वेळी तिनं विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही, कधी कळणारही नाही.

हे वाक्य मी लेकीला द्यायला हवं होतं. आईला तुझा राग नव्हता, तिला सगळं माहीत होतं. एवढंच. ते ऐकून तिच्या छातीवरचा दगड उतरला असता. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ फोनचं, खिडकीचं आणि ओल्या गाडीचं येतं. आज ती मला खोटारडा समजते, उद्या काय समजेल त्याला माझ्याजवळ शब्द नाही. म्हणून अडीच वर्षं मी म्हणत आलो, सांगू, जरा निवळू दे. तिच्या छातीवर दगड ठेवून मी स्वतः सुखानं बसलो, हे असं स्वच्छ मला त्या दिवशी दिसलं, पडद्यावर, धुरकट, बारा बाराला. डब्यातले सगळे लोक उभे होते. हे मी एकवीस वर्षांत बघितलंच नव्हतं. बॅगा खांद्यांवर, मुलं कडेवर, म्हातारे दांड्याला धरून, सीटा निम्म्या रिकाम्या आणि माणसं उभी. पाच मिनिटांत निघेल म्हटल्यावर कोण कशाला बसेल? मी लोकांना धीर देत नव्हतो, उभं ठेवत होतो. आणि तिलाही मी आडवं होऊ दिलं नाही, शेवटचे तीन दिवस.

मी बटण दाबलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हणालो, आणि आवाज कुठून तरी वेगळाच आला, चिरका, म्हाताऱ्या माणसाचा. "गाडीचा ब्रेक जाम झालाय. गाडी आज पुढे जाणार नाही. तुम्हाला बाजूच्या वाटेनं चालत खाली उतरवणार आहेत. माणसं यायला चाळीस मिनिटं लागतील, जास्तही लागतील. तोवर बसून घ्या. मी मघाशी दोनदा पाच मिनिटं म्हणालो. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. माफ करा." बटण सोडलं. मागे सुपरवायझर बाई "काका!" म्हणाल्या आणि माझ्या खुर्चीची पाठ धरून पडद्याकडे बघायला लागल्या, कोण दार ओढतंय ते. कुणी ओढलं नाही. आधी दोन-तीन हात रागानं वर झाले. मग एका माणसानं बॅग खाली ठेवली. एका बाईनं सॅंडल काढून पाय चोळले. एकजण सरळ सीटवर आडवा झाला. दोन मिनिटांत चारही डबे खाली बसले, आणि डब्यांमधून काही सैल झाल्यासारखं वाटलं. तीही बसली. कोपर मात्र सोडलं नाही.

टेबलावर लाल दिवा लागला. डबा दोन. डब्यात दाराशेजारी एक बटण असतं, ते दाबून प्रवासी आमच्याशी बोलू शकतात. मी म्हणालो, "कंट्रोल रूम, बोला."

"हॅलो?" लहान मुलीचा आवाज. पडद्यावर ती सीटवर उभी होती, बोट बटणावर, कमरेला आईचा हात. "गाडी कधी निघणार?"

"नाही निघणार, बाळ. बिघडलीय."

"मग आम्ही काय करायचं?"

"चालत जायचं. एक काका येतील न्यायला."

"पाच मिनिटांत?"

"नाही," मी म्हणालो. "खूप वेळ लागेल. तू खाली बस."

"बरं," ती म्हणाली, पण दिवा विझला नाही. बोट बदललं. श्वास ऐकू आला, तो मी ओळखला, जिना चढून आल्यासारखा, ती कायम अशीच श्वास घेते.

"सकाळी फोन केला होता," ती म्हणाली. बाबा म्हणाली नाही.

"तो तुझा होता? मी घेतला नाही."

"नंबर बदललाय माझा." मग जरा थांबून, "हिला दाखवायचं होतं. आजोबा कुठे बसतात ते."

 समोर माइक, हातात बटण, आणि माझं तोंड बंद. मग मी म्हणालो, "एक सांगायचंय. आईचं."

"इथे? सगळे ऐकतायत."

"नंतर सांगतो म्हणालो तर मी सांगणार नाही. तुला माहीत आहे."

 दिवा तसाच होता. मी सांगितलं. आईला माहीत होतं, म्हणालो. तू उशीर करतेयस असं तिला एक क्षणही वाटलं नाही. मी तुला कळवलं नाही हे तिनं ओळखलं होतं, तिला बोल लावू नका म्हणाली, माहीत असतं तर ती पळत आली असती म्हणाली. आणि मला फोन करायला बाहेर पाठवलं. मी बाहेर जाऊन आलो आणि केला म्हणालो. हे मी इतक्या भरभर बोललो की शेवटी दम लागला. सुपरवायझर बाई खिडकीकडे गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या.

"केला नव्हतात," ती म्हणाली.

"नाही."

"त्यानंतर किती वेळ होती ती?"

मला हिशोब करायची गरज नव्हती. "एकोणीस तास."

डब्यात कुणाचं तरी मूल खोकलं. पडद्यावर तिच्या मांडीशी चिमुरडीचं डोकं टेकलेलं होतं आणि ती जाळीकडे बघत होती, मघासारखीच, मान वर करून.

"मी आठ तासांत आले असते," ती म्हणाली.

"हो."

दिवा विझला.

एकला दहा कमी असताना माणसं पोचली. पिवळे कोट, दोर, हातात धरायच्या कड्या. एकेक डबा रिकामा व्हायला लागला. मी तिला कॅमेऱ्या-कॅमेऱ्यावर बघत होतो, सहा, सात, आठ. पोर पाठीवर, एक हात कठड्याला, पावलं सावकाश टाकत होती. घाईबाईला मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश चालताना बघितलं. अडतीसाव्या खांबापाशी लोखंडी जिना आहे, तिथून सगळे खाली उतरतात. खाली वाट फुटते. डावीकडे पार्किंग, उजवीकडे तळ्याच्या काठानं पार्कचा दरवाजा आणि ही खोली. तिथे एक बाक आहे, खांबावर नऊ नंबरचा कॅमेरा आणि एक स्पीकर. सगळे डावीकडे वळत होते. आज कुणाला पाळणे नको होते. ती वळली नाही. तिनं पोरीला बाकावर उतरवलं, स्वतः उभी राहिली, आणि उजवीकडच्या वाटेकडे बघत कोपर धरलं. वाट बघणारं माणूस मी ओळखतो. मी तेवढंच एक नीट ओळखतो.

"काका, जा तुम्ही," सुपरवायझर बाई म्हणाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या तिथेच होत्या. "मागच्या वाटेनं चार मिनिटं लागतात. मी बसते इथे."

"चार नंबरच्या डब्यातले लोक उतरायचेत अजून. शेवटचा माणूस उतरेपर्यंत टेबल सोडता येत नाही."

"मला सांगताय? मी मोजते माणसं. जा."

मी उठलो. शर्ट आत खोचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आणि मग डोळ्यांपुढे आलं की मी तिच्यासमोर उभा आहे, मध्ये ना काच, ना तार, ना बटण, आणि ती माझ्या तोंडाकडे बघतेय. इथून आवाज पाठवणं मला येतं. तोंड घेऊन जाणं मला कधी आलंच नाही. खरं तिला मी सांगितलं होतं, पण माइकवरून, तळ्यापलीकडून, सांगून झाल्यावर बटण सोडता येतं अशा जागेवरून. ती काय म्हणेल? मारेल? रडेल? की नुसतीच म्हणेल, चला? हे शेवटचं मला सगळ्यात कमी झेपणारं होतं. मी पुन्हा खुर्चीत बसलो. "हे लोक उतरू देत," मी म्हणालो, "पाच मिनिटांत जातो."

 बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि तसं बघणारी ती माझ्या आयुष्यातली दुसरी बाई.

मी मोजत बसलो. सदुसष्ट, अडुसष्ट. एका आजोबांना जिन्यावर भीती वाटली, त्यांना दोघांनी धरून उतरवलं. एकोणसत्तर. एकीची पर्स वर राहिली होती. सत्तर. एक्काहत्तर. वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, सही केली. मग नऊ नंबरचा पडदा बघितला. बाक, खांब, तळ्याचा कठडा. बाकावर कुणी नव्हतं.

तेव्हा मी पळालो. एकसष्टाव्या वर्षी, मागच्या वाटेनं, एका हातात चष्मा धरून, तळ्याच्या काठानं. सकाळचा तो नंबर पळता पळता लावला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. बाकापाशी पोचलो तेव्हा पार्किंगकडच्या वाटेवर पिवळा कोट घातलेला एक माणूस दोर गुंडाळत होता, बाकी कुणी नाही. बाकाची फळी उन्हानं तापलेली होती, मी हात लावून बघितला. एवढ्यात डोक्यावरचा स्पीकर खरखरला. टेबलावर मी नव्हतो, म्हणून पार्किंगला ताटकळलेल्या लोकांसाठी बाईंनी रेकॉर्ड लावली असणार. जाड, कोमट, झोप येईल असा आवाज. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे आपली गाडी थोडा वेळ थांबली आहे. पाच मिनिटांत निघेल." मी मान वर करून जाळीकडे बघत राहिलो, धन्यवादपर्यंत, आणि त्यानंतरचा तो श्वास जाईपर्यंत. बाक रिकामा होता, पण मी बसलो नाही.